कापला गेलेला शब्द

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको होती तेव्हा तिलाही नाही. सांगायला बसलो की दुसरंच काही बोलत राहायचो — आताही तेच करीन अशी भीती वाटते. पण आता थकलो आहे. लपवायलाही अंगात जोर लागतो, तो उरला नाही.

पांढरकवड्यात बँड म्हणजे वरातीचा. रॉक बँड हा प्रकार आमच्या गावात दोघांनाच ठाऊक होता — मला आणि देविदासला. देवा बिछायत केंद्रात, म्हणजे मांडववाल्याकडे, लाउडस्पीकर लावायचा. हैदराबादकडे जाणारी एक गाडी हायवेवरच्या हॉटेलासमोर थांबली होती, तिच्या टेपमध्ये एका इंग्रजी रॉक बँडची कॅसेट अडकली होती. देवानं ती चिमट्यानं सोडवली. फीत चुरगळली होती, म्हणून गाडीवाल्यांनी ती त्यालाच देऊन टाकली. त्यानं खराब झालेला तुकडा ब्लेडनं कापला, चिकटपट्टीनं जोड दिला, आणि आम्ही ऐकत बसलो. ऐकतच राहिलो. त्याची माय आतून ओरडायची, "हा कोणता बँड व्हय रे? नवरदेव पळून गेल्यावानी वाजवून राह्यले!"

देवाला इंग्रजी येत नव्हतं, मला येत होतं. त्यामुळे अर्थ सांगायचं काम माझं. शेवटचं गाणं आमचं सगळ्यात आवडतं. मुलगा घर सोडून निघालाय, आई दारात उभी आहे. शेवटी वाद्यं थांबतात आणि आईची एकच ओळ येते. आमच्या कॅसेटचा जोड नेमका तिथंच होता. आधी 'टक्' असा आवाज व्हायचा, मग — 'यू स्टे फॉर मी'. माझ्यासाठी थांब. देवा ती ओळ म्हणताना तो 'टक्'सुद्धा जिभेनं वाजवायचा. त्याला वाटायचं, आपल्या हातचा आहे, तोही गाण्यातलाच.

मग मी शिकायला नागपूरला गेलो. होस्टेलवर एकाकडे तीच कॅसेट होती, धड असलेली. ती ओळ 'डोन्ट यू स्टे फॉर मी' अशी होती. माझ्यासाठी थांबू नकोस. आई मुलाला जा म्हणत होती. मला हसू आलं. गावी गेलो की देवाला सांगायचं आणि दोघांनी मिळून हसायचं, असं ठरवलं.

का नाही सांगितलं?

गावी आलो तेव्हा देवाच्या घरासमोर एका ऑर्केस्ट्राची गाडी उभी होती. त्यांच्या साउंडवाल्याला देवाचं काम आवडलं होतं; चल म्हणत होता, देशभर फिरू. देवाचे वडील नव्हते, घरात माय एकटी. मायनं त्याला सरळ सांगितलं होतं, "जाय बाबू, माही काळजी करू नोको." पण त्याचा तिच्यावर विश्वास बसेना. माझ्याकडे आला. म्हणाला, "मास्तर, गाण्यातली माय थांब म्हणते. माही माय जाय म्हणते. खरं कोण बोलून राह्यलं?"

मला शाळेत नोकरी लागली होती, याच गावात. मी इथं उरणार होतो. आणि तो जाणार? माझ्या मनात सरळ हेच आलं — हा गेला तर संध्याकाळी मी कुणाशी बोलू? आणि हा का जाणार, मी जात नसताना? याहून मोठं कारण शोधत बसलो तर ते खोटं ठरेल.

मी म्हणालो, "गाण्यातली."

गाडी त्याच्याशिवाय गेली. पुढं माय वारली, तोवर त्याला बाहेरून कुणी बोलवेनासं झालं होतं. स्पीकरच्या पेट्या उचलून त्याचा एक खांदा उतरला. संध्याकाळी मात्र तो माझ्या ओट्यावर यायचा. मला हवं होतं तेच झालं होतं ना?

आम्ही दोघं म्हातारे झाल्यावर तोच बँड नागपुरात आला. माझ्या मुलानं मोबाइलवर दोन तिकिटं काढली. एसटीत देवा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता, लग्नाला निघाल्यासारखा. "त्याईचा गाणारा आता तुह्यावानी टकला झाला असन," म्हणाला. मी पोट दुखतंय असं सांगून उतरणार होतो. उतरलो नाही.

गाणारा खरंच टकला होता. देवा सुरुवातीला आजूबाजूच्यांना सांगत होता, "बेस जास्त करून राह्यले हे." मग नुसता डोळे पुसत होता. शेवटी ते गाणं आलं. वाद्यं थांबली. सगळं मैदान ती ओळ म्हणायला लागलं — आणि सगळ्यांनी 'डोन्ट' म्हटलं तेव्हा देवानं जिभेनं 'टक्' केलं.

त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"मास्तर, डोन्ट म्हंजे नोको, नाही का?"

"हो."

"तुले मालूम होतं?"

"नाही," मी म्हणालो. तेव्हासुद्धा.

तो हसला. "तुले कसं मालूम राहीन बे. फीत त मीच कापली."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. देवा अजून येतो. माझ्याच ओट्यावर बसून लोकांना ही गंमत सांगतो — "माह्या ब्लेडनं एक शब्द उडाला न् जिंदगी पांढरकवड्यात गेली!" लोक हसतात. मीही हसतो. कॅसेट त्यानं कापली, हे खरं आहे. पण तो शब्द मला सापडला होता आणि मी तो ठेवून घेतला, हे त्या गमतीत नाही. ते इथं लिहितो आहे.

आणखी एक राहिलं. दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, त्याला कळलं. मी मनाशी शब्द जुळवत होतो. वाटेतलं वडकी गाव मागं पडलं की बोलायचं, असं ठरवलं होतं. वडकी मागं पडलं. तेवढ्यात त्यानंच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माफ कर मास्तर," तो म्हणाला. "माह्यापायी तुनंही इतके वर्ष चुकीचंच गाणं आयकलं."

आणि मी म्हणालो, "जाऊ दे, देवा."