भरलं पान

अमडापुरातले आमचे एक शेजारी पंगतीत कधी बसत नसत. सगळ्यांचं जेवण झाल्याशिवाय कोणी उठायचं नसतं, आणि यांचा घास छातीतच अडून राहायचा. म्हणून ते वाढायला उभे राहत. "घ्या न जी अजून," असा आग्रह सगळ्यांना.

साठ साली नवं राज्य झालं त्या सुमारास अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांना पांढरं औषध पाजून एक्स-रेपुढे उभं केलं.

"अन्ननळी घास खाली ढकलतच नाही म्हने," ते मला म्हणाले. "अथी अकोल्यात इलाज नाही."

पुढच्या लग्नात ते माझ्या शेजारी पानावर बसले. एक घास घेतला, वर पाणी प्यायले आणि डोळे मिटून थांबले. बाकीच्यांची पानं रिकामी झाली, पंगत ताटकळली.

"उठा जी, माहं झालं."

त्यांचं पान भरलेलंच होतं. आम्ही उठून हात धुतले.