सोडून राहिलो

मंगळवारी कुडव्याजवळच्या एका राइस मिलमध्ये मी चक्क व्याकरणावरून भांडून आले... रिटायर झाल्यापासून इतकी मजा आली नव्हती.

आमच्या शेजारचा भोजराज चांगला मशीन ऑपरेटर. आधी गांजा, मग गोळ्या... ड्यूटीवर झुलायला लागला तशी नोकरी गेली. बायको सुनीता लेकीला घेऊन माहेरी, दवनीवाड्याला गेली. काम लागलं की येते म्हणाली. बरोबरच आहे तिचं.

आता तो व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलाय, पण नाव ऐकलं की कोणतीही मिल दारात उभं करत नाही. या मिलमध्ये म्हणाले, ओळखीचं कोणी सोबत आणा. म्हणून मी गेले.

मॅनेजर पुण्याहून नवीनच आलेले. त्यांनी आडवळण न घेता विचारलं, नशा सोडली का?

भोजराज म्हणाला, "सोडून राहिलो साहेब."

"म्हणजे अजून सोडायची राहिलीच आहे," असं म्हणून साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

माझं डोकंच फिरलं. कॉन्व्हेंटात सिस्टरने पट्टी मारून शिकवलेला प्रेझेंट कन्टिन्युअस त्या दिवशी कामी आला. मी त्यांना ऐकवलं, आमच्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे घास तोंडात आहे, जेवण राहिलेलं नाही. इथला तांदूळ विकता, तर इथली भाषाही जरा चाखून बघा...

मी रंगात आले होते. भोजराजनेच थांबवलं. "राहू द्या काकू. 'सोडली' म्हणून मी दोनदा सांगतलो साहेब, दोन्ही वेळा खोटा निघालो. रोजच सोडा लागते... म्हणून सोडून राहिलो म्हणतो."

माझं व्याकरण तिथेच संपलं. साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग म्हणाले, उद्या सकाळी या. मशीन इतक्यात नाही, आधी पॅकिंगला. आणि रोज सोडायची.

येताना गाडीवर मागे बसून मी हसत होते आणि हा पठ्ठ्या गाडी चालवता चालवता डोळे पुसत होता. म्हटलं, बाबा, समोर बघ.

आज सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून त्याचा आवाज आला, "काकू, सुनीता येऊन राहिली."

पुण्यात याचा अर्थ, आली आणि इथेच राहिली. आमच्याकडे अर्थ, निघाली आहे, वाटेत आहे... देवा, या एका वाक्याचे दोन्ही अर्थ खरे होऊ देत.