पोपटी नसलेला पोपट

पक्षीविक्रीविरुद्धच्या पत्रकासाठी पोपटी कागद निवडताना आखातातल्या अल वक्रा शहरातल्या आमच्या घराची बाल्कनी आठवली. मी आठ वर्षांची होते. बाबांनी वाढदिवसाला पोपट आणला, पिवळाधमक, लाल डोळ्यांचा.

"अहो, पोपट म्हणजे पोपटी नको का?" आई म्हणाली.

"स्पेशल आहे. मुद्दाम असे पैदा करतात," बाबा फुशारकीने म्हणाले.

उन्हात तो सोन्यासारखा चमकायचा, म्हणून मी पिंजरा रोज उन्हातच ठेवायचे. तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा.

"आई, लाजतोय बघ!" मी टाळ्या पिटायचे.

लाजतोय कसला? मोठेपणी कळलं. आपल्या हौसेपायी त्याचा रंग गेला, तसा डोळ्यांतला ऊन अडवणारा गडद रंगही गेला होता. त्याला ऊन सोसत नव्हतं.

पत्रकात मी असे पक्षी पैदा करून विकणाऱ्यांना जाब विचारलाय. पहिली ओळ मात्र वेगळी आहे: पिंजरा उन्हात मी ठेवला होता.