सतरा नंबरचा प्लॉट आणि इम्रानचं इंजिन

मोहोपाड्यात गेट-ग्रिल वेल्डिंग करणारा माझा दोस्त इम्रान. त्यानं स्वतःची चालती बाईक खोलली आणि तिचं इंजिन एकट्यानं बसायच्या रेसगाडीत घातलं. गाडी म्हणजे पाइपांचा पिंजरा, चारी चाकं उघडी, इंजिन पाठीमागं. रिव्हर्स नाय, उतरून ढकलायची. पुढच्या आठवड्यात रेस. इंजिन गेलं तर रेसपण गेली, बाईकपण. म्हणून आधी कुठंतरी पळवून बघायचं ठरलं.

शनिवारी सकाळी ती टेंपोत चढवली. चौक, कर्जत, मग कशेळे. टेंपोवाल्याशी डिझेल आणि नाष्टा आपला असं ठरवा, स्वस्त पडतं. वडापाव कशेळ्यातच खा, पाणी भरून घ्या. पुढं काय मिळत नाय.

पुढं एक प्लॉटिंग हाय. डांबरी रस्ते, दिव्याचे खांब, नंबराचे दगड. बंगला एक नाय. वॉचमन काकांनी गेटची साखळी सोडली.

"सतरा नंबरसमोर हळू घ्या रं. वहिनी कपडे वाळत घालतात."

सतरा नंबरला दगड होता आणि कमरेएवढं गवत.

"कुठली वहिनी, काका?"

"आता आत गेली असंल."

इम्रानचा चेहरा उतरला. असा चान्स मी सोडतो काय! सीटच्या मागं पाइपाला दोरीनं एक बोल्ट लटकवला. पहिल्याच राउंडला टक टक टक. इम्रान पांढराफटक होऊन थांबला. बोल्ट सापडल्यावर त्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या. काका मात्र हसले नाय.

आता खरी भानगड. बाईक वळणावर कलते, म्हणून ऑइल जागच्या जागी राहतं. गाडी कलत नाय. ऑइल एका बाजूला चढतं आणि इंजिन कोरडं पडतं. ते अडवायला इम्राननं ऑइलच्या भांड्यात आडवे पत्रे लावले होते. ते पुरले नायत.

तिसऱ्या राउंडला मला लांबनं ऐकू आलं. टक टक टक. मी दोन्ही हात हलवत धावलो, "थांब रं!" त्यानं हसून अंगठा दाखवला आणि अजून ताणली. सतरा नंबरच्या वळणावर इंजिन जाम झालं. मी पोचेपर्यंत इम्रान उतरला होता.

"दुसरा बोल्ट कुठं बांधलास?"

"नाय बांधला."

त्यानं इंजिनकडं बघितलं आणि त्याला समजलं, टकटक इंजिनचीच होती. मग हळूच बोलला, "आणि ती बाई? ओला कपडा हलवून थांब थांब करत होती. मला वाटलं, तूच उभी केलीस."

मी गवत बघितलं. कुठंच तुडवलेलं नव्हतं. इम्रान त्या दगडावरनं नजर काढत नव्हता. बोललो, "मीच. कशेळ्यातनं आणली."

त्यानं पाठीत गुद्दा घातला आणि बरं वाटल्यासारखा हसला. गाडी ढकलत नेताना सतरा नंबरपाशी कपड्याच्या साबणाचा वास आला. दोघंपण थांबलो. मग जोरात ढकलली.

रेस गेली. आता इम्रान रोज माझ्या बाईकवर मागं बसून कामाला येतो. रस्ता मोकळा हाय, तुमी खुशाल जा, मी नाय बोलत नाय. फक्त कुणी हात दाखवला तर थांबा.

काल इम्राननं बाजारातनं साडी घेतली. "ती कशेळ्याची बाई खरं सांगत होती, मी हसलो. माफी मागायचीय. तुझ्या ओळखीची हाय ना, तूच पोचव."

पिशवी अजून माझ्या हँडलला लटकलेली हाय.