ताकाची बैठक

ताडकळसच्या बाजारात ‘बैठक’ या शब्दाचा एकच अर्थ होता: चार टाळकी आणि मध्ये शिंदीचं मडकं. निजामाच्या राज्यात शाळा शोधत फिरावं लागे, शिंदीचा गुत्ता मात्र गावोगाव. त्यामुळे भुजंग धनगर चुकला यात त्याचा दोष नाही. दोष आमचा, आमच्या जमण्यालाही तेच नाव देताना आम्हीच अक्कल गहाण टाकली होती.

भुजंग मेंढ्या कातरायचा. त्याचा हात असा हलका, की कातर चालू असताना मेंढी पेंगायला लागायची. पुढे त्याला शिंदीची चटक लागली आणि हात थरथरू लागला. त्या आषाढात त्याने घरच्याच एका मेंढीला तीन जागी कापलं. त्याच्या बायकोने, मनकर्णाबाईने, जखमांना हळद लावली, कातर धुतली आणि ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवली.

“हात थिर हुईस्तवर कातर मिळायची न्हाई,” ती म्हणाली. “न्हाई झाला, तर दिवाळीला मीच कातरते.”

कातरणाऱ्या गड्याची याहून मोठी नाचक्की ती कोणती? भुजंग रडला, शपथा घेतल्या, आणि बाजाराच्या दिवशी पुन्हा गुत्त्यावर जाऊन बसला.

श्रावणात कुणीतरी त्याला सांगितलं, की आश्रुबाच्या गोठ्यात बाजारादिवशी दुपारी बैठक असते, मडकं भरलेलं असतं आणि पैसा पडत नाही. भुजंग गुत्त्याची वाट सोडून आमच्याकडे वळला.

आम्ही सात जण गोल बसलो होतो. मी, चंद्रभान सुतार, दाराशीच होतो. भुजंगने रामराम घातला, माझ्या शेजारी मांडी ठोकली आणि वाटी पुढे केली. आश्रुबाने ओतलं. पांढरं, आंबूस, वर फेस. भुजंगने एका दमात वाटी रिकामी केली आणि मोठ्या जाणकारासारखी मान हलवली.

“पानी लय घातलंय,” तो म्हणाला. “पर चढल हळूहळू.”

त्याने दुसरी वाटी घेतली, तिसरी घेतली. चौथीला थांबला.

“शिंदीत मीठ कामून टाकलं रं?”

मला हसू आवरेना. आश्रुबा मात्र शांतपणे म्हणाला, “ताक हाय ते, भुजंगा. हितं बसलेला हरेक गडी पैले गुत्त्यावर बसायचा. बाजारादिशी दुपारी जीव लय वढ घेतो, म्हून तेवढा वखत आमी एकमेकाला धरून बसतो.”

भुजंग ताडकन उठला.

“जा की,” आश्रुबा म्हणाला. “पर ह्या आठ दिसांत किती येळा पिलास, तेवढं खरं सांगून जा.”

भुजंग उभ्याउभ्या बोटं मोजू लागला. दोन्ही हातांची बोटं संपली, तसा तो पुन्हा खाली बसला.

आमचा कायदा एकच होता. जो प्यायला त्याने तसं सर्वांसमोर सांगायचं आणि पुढच्या बाजारी ताक घुसळायचं. दही आश्रुबाच्या बायकोचं, कडूबाईचं. “लोणी माझं, ताक तुमचं,” ती म्हणायची. आम्ही घसरलो की तिचं काम हलकं व्हायचं, तरी बिचारीने कधी आमचं वाईट चिंतलं नाही.

भुजंगने लागोपाठ पाच बाजार घुसळलं. आधी तो दोरीला असा हिसका द्यायचा, की निम्मं दही माझ्या अंगावर यायचं. हळूहळू रवी एका लयीत फिरू लागली. सहाव्या बाजारी तो आला आणि खाली बघत म्हणाला, “आठ दिस थेंब न्हाई.” आम्ही आनंदाने दोरी दुसऱ्याच्या हाती दिली, तर याचा चेहराच पडला.

“ऱ्हाऊ द्या माझ्याकडंच,” तो म्हणाला. “हाताला बरं वाटायलंय.”

दसऱ्याच्या अलीकडच्या बाजारी मनकर्णाबाई पदर खोचून गोठ्याच्या दारात उभी राहिली. नवरा बैठकीत जातो, एवढंच तिच्या कानावर गेलेलं. पाहते तर काय, नवरा घामाघूम होऊन ताक घुसळतोय. तिने वाटी उचलली, वास घेतला, पिऊन पाहिलं.

“घरी कदी केलं न्हाईत,” एवढंच म्हणाली आणि निघून गेली. आम्ही पोट धरधरून हसलो. भुजंगही हसला.

दिवाळीत कातरणीच्या दिवशी आम्हा सातही जणांना नेमकं धनगरवाड्यात काम निघालं. मनकर्णाबाईने कणगीतून कातर काढली, नवऱ्याच्या हाती दिली आणि पुढ्यात आणली ती तीच, तीन वणांची मेंढी. भुजंगने कपाळाचा घाम पुसला आणि सुरुवात केली. आम्ही श्वास रोखून उभे. पाठ झाली, पोट झालं, मान झाली. लोकर उतरली. मनकर्णाबाई गुडघ्यावर बसली आणि तिने मेंढीच्या सगळ्या अंगावरून तळहात फिरवला. एकदा फिरवला, मग उलटा फिरवला. तळहाताला रक्ताचा ठिपका नव्हता.

तिने कातर परत मागितली नाही. दुसरी मेंढी ओढून आणली, तिचं डोकं मांडीवर धरलं आणि म्हणाली, “घ्या, कारभारी.”

आषाढापासून तिने त्याला कारभारी म्हटलं नव्हतं. आम्ही सात थोराड गडी तिथंच उभ्याउभ्या रडलो, आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.