सुई बाळाची नव्हती

शाळेत मधली सुट्टी चालू होती. मुरुडहून माझ्या भावाचा, महेशचा फोन आला आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "अक्का, बाळ ठीक हाय." मी म्हटलं, "अरे, मग रडतोस कशाला?" तेव्हा तो म्हणाला, "लीला गेली." माझी धाकटी बहीण शिवलीला, वय एकतीस, बाळंतपणानंतर एकोणिसाव्या दिवशी मुरुडहून लातूरला नेताना गाडीतच गेली. आणि तिच्या मरणाची बातमीसुद्धा बाळाच्या खुशालीनं सुरू झाली. महेशला मी बोल लावत नाही, त्याला त्या घडीला काही सुचत नव्हतं. पण आज दोन महिने झाले, दारात जो येतो तो हेच म्हणतोय... "लेकरू तरी हाती लागलं, देवाची कृपा." कसली डोंबलाची कृपा! माझी बहीण मेलीय.

लीलाला बिलोलीला दिलं होतं. घरची शेती, माणसं खाऊनपिऊन सुखी. आठ वर्षांत तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा हातात काही आलं नाही. दोनदा तिसऱ्या महिन्यात, एकदा सातव्यात. सातव्या महिन्यातल्या त्या मुलीचं तोंडसुद्धा तिला कुणी दाखवलं नाही. सासू शेजारणींसमोर बिनदिक्कत म्हणायची, "हिच्या पोटात काही टिकतच न्हाई." आणि आमची आई तरी काय वेगळी? नवस, सोमवार, दंडात दोरा, शिवाय कुणाच्या डोहाळजेवणाला लीलाला पाठवायचं नाही, लोक नावं ठेवतील म्हणून. ही पोरगी लग्नाआधी अख्ख्या गल्लीच्या नकला करून आम्हाला लोळवायची. तिचं बोलणं कमी कमी होत गेलं, तर आम्ही म्हणालो, लीला आता समजूतदार झाली. आमच्या अकलेचं दिवाळं, दुसरं काय!

शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त नीट तपासलं. शरीर स्वतःच्याच विरुद्ध उठतं, रक्त नको तिथं गोठतं, वारेत गुठळ्या झाल्या की बाळाला काही पोचत नाही, असा तो आजार. त्या दिवशी लीलानं नांदेडच्या स्टँडवरून मला फोन केला. मागं गाड्यांचा गलका, आणि ही ओरडून सांगत होती, "अक्का, माझ्या दुखण्याला नाव हाय गं! मी काही पाप केलेलं न्हाई!" इतकी वर्षं ती मनात पाप घेऊन फिरत होती, हे मला त्या दिवशी कळलं. सख्ख्या बहिणीला.

चौथ्या खेपेला रोज एक गोळी आणि रोज एक सुई, पोटात. लीला स्वतःच टोचून घ्यायची. चिमटीत कातडी धरायची, ओठ आवळायचे, की झालं. पोट सगळं हिरवंनिळं. एकदा मला दाखवून म्हणाली, "बघ, रंगपंचमी चालू हाय." घरात त्या सुईला नाव पडलं, बाळाची सुई. सासू सकाळी विचारायची, "बाळाची सुई घेतलीस का?" आई फोनवर तेच. मीही तेच. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दुखणं तुझं आहे, बाळाचं नाही. हे वाक्य आमच्यापैकी कुणी कानात शिरूच दिलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. म्हणून आठव्या महिन्यात ती मुरुडला आली आणि लातूरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन होऊन मुलगी झाली. पाचव्या दिवशी सुट्टी मिळाली. दोन दिवस ती लातुरात माझ्याच घरी होती, फाइलही माझ्याच टेबलावर. मी शाळेत इंग्रजी शिकवते. फाइल उघडली, बाळाचं वजन वाचलं आणि मिटली. त्याच्याच खाली लिहिलं होतं की इंजेक्शन पुढं सहा आठवडे चालू ठेवायचं. मेडिकलवर लीलाच्या नवऱ्यानं, आमच्या जावईबापूंनी, बाकीची औषधं घेतली आणि सांगितलं, "ते राहू द्या, बाळंत झाली आता." निघताना लीला मला म्हणाली, "अक्का, सुई चालू ठेवायची व्हती ना?" मी हसून म्हटलं, "आता कशाला? आलं की बाळ! टोचून घ्यायची हौस आहे का तुला?" ती बाळाला घेऊन गाडीत बसली.

मुरुडला बाज, शेगडी, शेपा-ओव्याची धुरी. बाळंतिणीनं हलायचं नाही. मावशीनं वर ठणकावलं, सुयांनी दूध आटतं. साफ खोटं! सतराव्या दिवशी डावी पोटरी सुजली, ठणकायला लागली. आईनं तेल चोळलं, शेकलं, वात आहे म्हणाली. दोन दिवसांनी लीला बाजेवर उठून बसली आणि तिला श्वासच घेता येईना... पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती.

मला सगळ्यांचा राग येतो. जावयाला घाईघाईत दोन शब्द सांगून हातात इंग्रजी कागद देणाऱ्या त्या दवाखान्याचा, जावयाचा, मावशीचा. आईचा येतो आणि तिचं तोंड पाहिलं की गिळावा लागतो. माझ्या रागाचं काय करायचं, ते मला कळत नाही.

गेल्या रविवारी बाळाचे कपडे काढायला मुरुडला तिच्या खोलीतलं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद डकवलेला होता. सुई एक दिवस डाव्या बाजूला, एक दिवस उजव्या, ते चुकू नये म्हणून तिनं पट्टीनं चौकटी आखल्या होत्या आणि रोजची खूण केली होती. बाळंतपणाच्या तारखेपाशी एक आडवी रेघ. रेघेखाली तिच्या गोल अक्षरात लिहिलंय, 'यानंतर माझी'. आणि पुन्हा चौकटी, मी मोजल्या, बेचाळीस. पहिल्या पाचांत खुणा आहेत, दवाखान्यातल्या दिवसांच्या, मुरुडला परतल्यावर केलेल्या. पुढच्या सगळ्या कोऱ्या. म्हणजे तिला माहीत होतं. त्या दिवशी ती मला विचारत नव्हती, सांगत होती. तिला फक्त कुणीतरी 'हो' म्हणायला हवं होतं, आणि मी हसले.