लुक आफ्टर सर

आमच्या चिचगडच्या शाळेत इंग्रजी शब्दाचा अर्थ वहीत लिहून भागत नसे. तो घरी नेऊन पोसावा लागे. ही करामत आमच्या इंग्रजीच्या सरांची. पोरं त्यांना ‘लुक आफ्टर सर’च म्हणायची.

‘लुक आफ्टर म्हणजे काळजी घेणे,’ मी एकदा घडाघडा म्हणून दाखवलं. सर म्हणाले, “पोपटबी म्हणते. करून दाखव.” मग त्यांनी वर्गाला एकेक गोष्ट महिनाभर सांभाळायला दिली. कुणाला पेरूचं रोप, कुणाला सरांची स्वतःची सायकल (ती पंक्चरसकट परत आली), आणि मला त्यांची तांबडी कोंबडी. वर दहा मार्क. इंग्रजीत मी कायम काठावर, त्यामुळे माझा सगळा जीव त्या कोंबडीत अडकला. मी तिला चांगले तांदूळ टाकायची. आई ओरडायची, “आपन तुटकी कनी खाऊन राहिलो, अन् हिले तांदूळ कायले?”

महिना भरला आणि एका संध्याकाळी सर तपासणीला आले. आईनं मला मसाला आणायला दुकानात पिटाळलं. बाबा नुकतेच शेतावरून आलेले; अंगणातल्या कोंबड्यांत सरांची कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्याकडे मास्तर दारी आले की गावरान कोंबडी कापायची, हा नेमच. “मास्तरले का नुसता वरण-भात वाढू?” म्हणत त्यांनी अंगणातली सगळ्यात गुबगुबीत कोंबडी धरली. गुबगुबीत कोणती असणार! महिनाभर तांदूळ कुणी खाल्ले होते?

मी आले तेव्हा अंगणात तांबडी पिसं होती. मसाल्याची पुडी आईच्या हातात देऊन मी चुलीमागे जाऊन बसले. सर पोटभर जेवले, बोटं चाटली आणि म्हणाले, “झकास! आता माही कोंबडी दाखव.”

मी भोकाड पसरलं. बाबांचा चेहरा पडला. सरांनी ताटाकडे पाहिलं, मग म्हणाले, “आता रस्सा काऊन वाया घालवता? वाढा.” निघताना निकालही दिला, “तुले शून्य. तुह्या बापाले दहा. त्यानंच माही काळजी घेतली.”

मी त्या वर्षी कशीबशी पास झाले. पुढच्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला निघाले. जाताना त्यांनी आमच्या दारात सायकल थांबवली. हँडलला एक कोंबडी बांधलेली.

“बसा न सर, जेवूनच जा,” बाबा म्हणाले.

“नाही भाऊ. मी बसलो का हिचं काही खरं नाही.” त्यांनी कोंबडी माझ्या हातात दिली. “पोरी, घे. मी आता येत नाही, म्हनून हे वाचते.”

सायकल वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मला रडू आवरलं नाही. ती कोंबडी आमच्या अंगणात म्हातारी होऊन मेली. सर खरंच पुन्हा आले नाहीत.